नीलूच्या पोटाचं विचारायचं नाही

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

लातूर,
८ जुलै २०२४

ती. सौ. जगदेवी अक्कास,
धाकट्या वर्षाराणीचा शि. सा. न. वि. वि.

पाकीट हातात पडताच तू दाजींना दुकानातून हाक मारशील आणि विचारशील, या बाईचा मोबाइल कुठं हरवला? मोबाइल शाबूत आहे. पण आमची खोली एक, आणि फोनवर तुझं नाव निघालं की नीलू पुस्तकात डोकं घालून कान मात्र माझ्याकडे लावते. म्हणून ती शाळेत गेल्यावर हे कागदावर उतरवते आहे.

निलंग्याहून लेकीला शिकवायला म्हणून लातूरला येऊन राहिले, त्याला वर्ष झालं. या इमारतीत सगळ्या माझ्यासारख्याच. नवरे गावाकडे शेतीत आणि बाया इथे पोरांच्या शिकवणीपायी. नळाला पाणी आलं की जिन्यावर संमेलन भरतं. दुसरं सगळं ठीक आहे, ठीक नाही ते नीलूचं पोट. बेंबीभोवती दुखतं. रविवारी शिकवणीची टेस्ट असली की सकाळपासून सुरू होतं, सोमवारी शाळेच्या वेळेला तर पोरगी दुमडून बसते, तोंड पांढरं पडतं. ढोंग नाही अक्का, मी आई आहे, मला कळतं. दुपारनंतर आपोआप उतरतं.

तीन डॉक्टर झाले. रक्त, लघवी, सोनोग्राफी, सगळं नॉर्मल. सासूबाईंनी गावी नेऊन बेंबी बसवून आणली, दोन दिवस बरं वाटलं. नीलूचे बाबा प्रत्येक वेळी काम टाकून एसटीनं धावत येतात. जिन्यावरच्या बायाही जाता-येता तिला पोटाचं विचारतात, सगळ्यांचा जीव तिच्यात. शाळा मात्र बुडतेच आहे.

मला कशाची भीती वाटते ते तुला सांगायला नको. आपल्या अव्वाचंही पोटापासूनच सुरू झालं होतं, आणि आपली आई हातची गेली. नीलू आता अकरा वर्षांची आहे, असलं काही या वयात होत नाही हे कळतं, पण रिपोर्ट आला की मी तो पुन्हा पुन्हा वाचत बसते. काय करू ते सांग.

दाजींना नमस्कार. तुझा हात डोक्यावर असू दे.

तुझी,
वर्षा

---

॥ श्री ॥

नांदेड,
१३ जुलै २०२४

चि. सौ. वर्षाराणीस,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. दाजींना हाक मारली हे खरं, पण मोबाइलचं नाही विचारलं. म्हटलं, बघा, बी.ए. झालेली आमची बहीण, आणि नॉर्मल म्हणजे काय ते हिला कळत नाही. अगं, नॉर्मल म्हणजे त्यांना सापडलं नाही. दुखणं आहे तर कारण असणारच. धूर दिसतो तिथं विस्तव असतोच.

या पत्रासोबत हिंग, भाजलेला ओवा आणि खपली गव्हाचा भरडा पाठवते आहे. गूळ घालून हुग्गीची खीर करून घाल. हिंग पाण्यात कालवून बेंबीभोवती लाव. आणि मुख्य म्हणजे पोरीवर लक्ष ठेव. सकाळी उठली की विचार, शाळेतून आली की विचार, झोपताना विचार. लेकरं अंगावर काढतात. आपली अव्वाही काहीच बोलायची नाही. आपल्या देगलूरला तेव्हा कोण होतं विचारणारं? कळलं तेव्हा हैदराबादच्या दवाखान्याचा रस्ता धरूनही उपयोग राहिला नव्हता. मी तेव्हा वीस वर्षांची आणि तू परकर नेसून अंगणात सागरगोटे खेळत होतीस. तेव्हापासून कुणी पोट दुखतं म्हणालं की माझा जीव टांगणीला लागतो, त्याला इलाज नाही.

नीलूसमोर यातलं काही बोलू नकोस. लेकराला उगाच घोर नको. इथे दाजींच्या ओळखीचे एक सर्जन आहेत, त्यांना मी विचारून ठेवते. बुडत्याला काडीचा आधार तरी होईल.

रडत बसू नकोस. तू रडलीस की तुझं नाक लाल होतं आणि ते तुला मुळीच शोभत नाही. दाजींचे आशीर्वाद. माया आहेच, ती मागायची गरज नाही.

तुझी,
अक्का

---

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

लातूर,
२८ जुलै २०२४

ती. सौ. अक्कास,
वर्षाचा शि. सा. न. वि. वि.

हुग्गी झाली, नीलूनं दोन वाट्या खाल्ल्या. तू सांगितलंस तसं सकाळ-संध्याकाळ विचारलंही. पोट जास्तच दुखायला लागलं. शेवटी शेजारच्या बाईंनी सुचवलं म्हणून लेकरांच्या डॉक्टर उमादेवी म्हणून आहेत, त्यांच्याकडे गेले.

त्यांनी आधीचे सगळे रिपोर्ट शांतपणे पाहिले. झोपेतून दुखून उठते का, ताप, उलट्या, वजन उतरलं का, शी-मधून रक्त जातं का, सगळं विचारलं. यातलं काहीच नाही. मग मला बाहेर बसवून नीलूशी एकटीशी बोलल्या. बाहेर बसून माझीच बोटं मोडून झाली.

त्या म्हणाल्या, की पोट खरंच दुखतं, पोरगी खोटं बोलत नाही, हे आधी पक्कं ध्यानात घ्या. पण आतड्यात रोग नाही. पोट आणि मन यांची आतून नाळ जुळलेली असते, भीतीनं पोटात गोळा आला असं आपण रोजच बोलतो, मग तो गोळा दुखला तर नवल कसलं. पोरीला काळजी लागली की पोट आवळतं, पोट दुखलं की तिला आणखी काळजी लागते, आणि घरचे सगळे मिळून रोज विचारून तिला त्याची आठवण करून देतात. म्हणून पोटाचं आपण होऊन विचारायचं नाही. तिनं सांगितलं तर एकदा नीट ऐकायचं, पोट फुगवून सावकाश श्वास घ्यायला लावायचं, आणि उशिरा का होईना, शाळेत पोचवायचं. ताप आला, वजन घटलं, दुखण्याचा रंग बदलला, तर मात्र ताबडतोब या म्हणाल्या.

आणि नीलूच्या मनात काय होतं ते ऐक. शिकवणीत टेस्टचे नंबर भिंतीवर लावतात, ते पाहून तिला वाटायचं, आपण मागे पडलो तर आईचं घर सोडणं वाया गेलं. ते एक. दुसरं त्याहून वाईट. आपण दोघी फोनवर आवाज खाली आणून बोलतो, तिचे बाबा धावत येतात, मी रिपोर्ट बघून डोळे पुसते. त्यावरून पोरीनं ठरवून टाकलं होतं, की आपल्याला आजीसारखंच झालंय आणि सगळे आपल्यापासून लपवून राहिलेत. अक्का, अकरा वर्षांचं लेकरू हे पोटात घेऊन झोपत होतं. मला तिथेच हुंदका फुटला. नाक लाल झालं असेल, होऊ दे.

घरी आल्यावर मी तिला समोर बसवून अव्वाचं सगळं सांगितलं. रोगाचं नावसुद्धा. तिला ते नाही हेही सांगितलं. तिनं नक्की का म्हणून तीनतीनदा विचारलं, मग माझ्या मांडीवर डोकं ठेवून दुपारभर झोपली.

आता इमारतीतल्या बायांनाही सांगितलंय. त्यांची फार पंचाईत झाली आहे, नीलू दिसली की तोंड उघडतात आणि पाण्याच्या टाकीचं काहीतरी बोलतात.

तुझा लोभ कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
वर्षा

---

॥ श्री ॥

नांदेड,
३ ऑगस्ट २०२४

चि. सौ. वर्षास,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून माझं डोकं फिरलं, ते अजून जागेवर आलेलं नाही. म्हणजे त्या डॉक्टरीणबाईंच्या मते आमची नीलू मनानं आजारी? उद्या सोयऱ्याधायऱ्यांत कुणी विचारलं तर काय सांगायचं? आणि पोट दुखणाऱ्या लेकराला आईनं विचारायचंसुद्धा नाही, ही कुठली रीत? आपल्यात माणूस दारात आलं की आधी तब्येत विचारतात, मग पाणी देतात. आणि अव्वाचं तू तिला सांगून बसलीस! मी नको म्हणून लिहिलं होतं.

आता माझं ऐक. सर्जनना सगळं सांगितलं. त्यांचं म्हणणं, असं वारंवार दुखणं अपेंडिक्सचंही असू शकतं, काढून टाकलं की मिटलं. सतरा तारखेची, शनिवारची वेळ घेतली आहे. नीलूच्या बाबांना, सिद्धरामअप्पांना, मी फोन केला होता, ते तयार आहेत, बिचारे म्हणाले, अक्का म्हणतील तसं. दाजी गाडी घेऊन आदल्या शुक्रवारी येतील, नीलूची आणि तुझी पिशवी भरून ठेव. चार दिवस इथे राहा, मी सगळं बघते.

अव्वानंतर तुला मी वाढवलं. तुझ्या वाईटाचं मी कधी केलं का, ते आठव आणि गाडीत बस.

तुझी,
अक्का

---

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

लातूर,
९ ऑगस्ट २०२४

ती. सौ. अक्कास,
वर्षाचा शि. सा. न.

हे पत्र मी नीलूच्या समोर बसून लिहिते आहे. आता तिच्यापासून लपवून काही लिहिणार नाही.

अक्का, दाजींना पाठवू नकोस. आम्ही येणार नाही.

माझी वेणी तू घातलीस, माझ्या फिया तू भरल्यास, लग्नात अव्वाच्या जागी तू उभी राहिलीस. तुला नाही म्हणायची मला सवयच नाही, आत्ताही ही ओळ मी तिसऱ्यांदा लिहिते आहे. पण मी सर्जनचं म्हणणं घेऊन पुन्हा उमादेवी डॉक्टरांकडे गेले होते. त्यांनी पोट दाबून पाहिलं, सोनोग्राफी पुन्हा नजरेखालून घातली, आणि अपेंडिक्सचं एकही लक्षण नाही असं स्वच्छ सांगितलं. आपली भीती मोडावी म्हणून लेकराच्या पोटावर सुरी लावायची? पोट कापलं तरी भीती तशीच राहील, आणि मग पुढे काय कापायचं?

अव्वाच्या वेळी कुणाला कळलं नाही. आता तपासून पाहिलंय आणि कळलंय. दोन्ही गोष्टी एक नाहीत, अक्का. सिद्धरामरावांना मी सगळं समजावलं, तेव्हा म्हणाले, हाव, तू म्हनतीस ते बी खरंय. यापुढे ते पोट दुखल्यावर येणार नाहीत, दर पंधरवड्याला ठरवून येतील, आणि नीलूला घेऊन गंजगोलाईच्या बाजारात चक्कर मारतील.

नीलू मनानं आजारी नाही. काळजी करणारी आहे. ती कुणावर गेली आहे ते तुला आणि मला ठाऊक आहे.

रागव, पण तोडू नकोस.

तुझीच,
वर्षा

---

लातूर,
२९ सप्टेंबर २०२४

प्रिय मावशीस,
नीलांबिकाचा साष्टांग नमस्कार.

तू आईला पत्र पाठवत न्हाईस म्हणून मी लिहून राहिले. आई रोज पोस्टमनकाकांची वाट बघती आणि आले की भांडे घासायला जाती. तू लई राग धरतीस असं बाबा म्हणाले. मी म्हणलं, मावशी प्रेम पण लई करती.

मी आता रोज शाळेत जाते. पहिल्या आठवड्यात दोनदा उशिरा गेले, रडत गेले, पण गेले. शिकवणीच्या सरांना आईनं सांगितलं, माझा नंबर भिंतीवर लावू नका, मला हातात द्या. आता इतर पण लई पोरांनी तसंच मागितलं आणि भिंत रिकामीच हाय. मी पहिली येत न्हाई. आईला ते सांगितलं तर ती म्हणाली, बरं, आता भाजी निवड.

दुखणं अजून येतं. पण डॉक्टर मॅडमनी सांगितलंय, आलं तर येऊ द्यायचं, आपलं काम आपण करायचं. पोट फुगवून श्वास घेते. कधी जातं, कधी न्हाई जात.

मोठी गोष्ट आता सांगते. आमच्या शाळेच्या पंचशीला मॅडमनी मला खो-खोच्या टीममध्ये घेतलं. मी बारीक हाय आणि वळते पटकन, म्हणून. जिल्ह्याला आम्ही जिंकलो! आता विभागाच्या मॅच नांदेडला हायत, तुमच्या घराजवळच्या मैदानावर. आई येणार न्हाई, मॅडमसोबत एकटीनं जायचं असं आमचं ठरलंय. ते माझंच ठरलंय खरं.

तू बघायला ये. पण एक अट हाय. पोटाचं विचारायचं न्हाई.

काकांना नमस्कार. पत्र लगेच पाठव, न्हाईतर आई भांडे घासून घासून झिजवेल.

तुझी,
नीलू

---

॥ श्री ॥

नांदेड,
२० ऑक्टोबर २०२४

चि. सौ. वर्षाराणीस,
अक्काचे अनेक आशीर्वाद. चि. नीलूस ढीगभर मुके.

नीलू तुला फोनवर चार शब्दांत सांगून मोकळी झाली असेल. चार शब्दांत सांगायची ती गोष्ट नाही, म्हणून मी लिहायला बसले आहे. माझा आवाज पूर्ण बसला आहे, त्यामुळे लिहिण्यावाचून गत्यंतरही नाही. दाजी म्हणतात, घरात इतकी शांतता लग्नानंतर पहिल्यांदाच.

मैदानावर सकाळीच जाऊन बसले. पिशवीत शेंगापोळ्या, पाणी, टॉवेल. हिंगाची डबी घ्यायचा मोह झाला होता, दाजींनी हातातून काढून घेतली. नेमका सामना लागला लातूर आणि नांदेडचा. मी नांदेडच्या आयांच्या घोळक्यात बसून लातूरकडून ओरडायला लागले, तेव्हा त्या बायांनी माझ्याकडे असं काही पाहिलं, जणू मी त्यांच्या घरातली भांडीच चोरली. पाहू द्या म्हटलं, पोरगी आमची आहे.

लातूरचं आक्रमण झालं, चांगले गुण घेतले. मग पकडायची पाळी नांदेडची, पळायची आमची. पळणाऱ्या पोरी तिघीतिघी आत जातात, तुला माहीत असेलच. नीलू शेवटच्या तुकडीत. बाहेर वाट बघत बसली होती आणि तिचा चेहरा मला लांबूनही दिसत होता. पांढराफटक. हात पोटावर. मग ती उठली, मॅडमना काही सांगितलं आणि सरळ माझ्याजवळ येऊन बसली.

वर्षा, त्या क्षणी माझं काय झालं ते मला सांगता येणार नाही. पोटाचा प्रश्न ओठांवर येऊन टेकला होता. अव्वा डोळ्यांसमोर आली. वाटलं, उचलावं पोरीला आणि रिक्षात घालावं. पदराचा बोळा तोंडात धरला अक्षरशः. विचारलं नाही. पाण्याची बाटली पुढे केली आणि उन्हाचं काहीतरी बोलले.

नीलूच म्हणाली, मावशी, दुखतंय. मी म्हटलं, बरं. एवढंच. एवढं म्हणायला मला किती जोर लागला ते देव जाणे. मग विचारलं, की आता काय करायचं ठरलंय तुझं? ती पोट फुगवून श्वास घेत राहिली, पुन्हा पुन्हा, डोळे मैदानावर. तिकडे दुसरी तुकडी बाद होत आली होती. मग तोंड पुसलं आणि म्हणाली, करायचं काय त्यात, पुढची तुकडी माझी हाय. आणि गेली. दुखणं थांबलं नव्हतं गं. थांबायची वाट न बघता गेली.

त्यानंतरचं मी नीट पाहिलं असं म्हणणार नाही, कारण मी उभी राहून ओरडत होते. तिच्यासोबतच्या दोघी बाद झाल्या. नांदेडला जिंकायला थोडेच गुण हवे होते आणि आत एकटी नीलू. खांबाला वळसा घालून ती अशी निसटायची, की मागची पोरगी मातीत लोळायची. एकदा खांबापाशी हात तिच्या पाठीला लागलाच असं वाटलं, माझ्या शेजारच्या बाईंनी टाळीही वाजवली, आणि ही मधल्या रांगेतून आरपार पलीकडे! शिट्टी वाजली तेव्हा आमची पोरगी मैदानाच्या मधोमध उभी होती, धापा टाकत, गुडघे फुटलेले, आणि हसत होती. लातूर जिंकलं. मॅडमनी तिला खांद्यावर घेतलं. नांदेडच्या ज्या बाया मला डोळे वटारत होत्या, त्याच येऊन विचारायला लागल्या, ही कुणाची हो? मी छाती पुढे काढून सांगितलं, माझ्या बहिणीची.

घरी आणली. शेंगापोळ्या संपवल्या, वर दहीभात. माझ्या डोळ्यातलं पाणी थांबेना, तर म्हणाली, मावशी, तुझं पण नाक लाल होतं की.

आता ऐक, मी हे एकदाच लिहिणार आहे. मी ठरवलं होतं तसं झालं असतं, तर तुझी लेक आज कुठल्याच मैदानावर नसती, पोटावर टाके घेऊन माझ्या पलंगावर पडून असती, आणि मी उशाशी बसून दर तासाला विचारत असते. माझ्या भीतीला मी माया समजून चालले होते. तुला मी बोट धरून चालायला शिकवलं याचा मला आजवर फार गर्व होता. पण परवा मैदानावर ओरडताना मला ज्याचा गर्व वाटला, तो तुझ्या त्या एका शब्दाचा, वर्षा. मला नाही म्हणालीस.

दिवाळीला आम्हीच लातूरला येतो. तुमच्या जिन्यावर बसून पाणी भरेन, पण आता लांब बसून राहणार नाही. नीलूचे पुढचे सामने जिथे असतील तिथे मी जाणार, हे दाजींना सांगून टाकलंय.

रागावले होते, तोडलं नव्हतं. अशीच नाही म्हणत जा, आणि अशीच माया करत जा.

तुझी,
अक्का